दाबलेल्या फुलांची शुभेच्छापत्रं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझं पहिलं फुलांचं कार्ड मी नागपूरच्या आत्याला दिवाळीसाठी पाठवलं होतं. फुलं दाबली होती गणपतीत, बाहेर संततधार चालू असताना. हाताशी होती ती फुलं, म्हणजे जास्वंद आणि मोगरा, जाडजूड शब्दकोशात घातली आणि वर पाटा ठेवला. आठवड्याने उघडलं तर जास्वंद दोन्ही पानांना चिकटून बसलेली आणि मोगरा चहाच्या रंगाचा झालेला. त्यातल्या त्यात बऱ्या पाकळ्या निवडून कार्डावर लावल्या आणि वरून पारदर्शक प्लास्टिक चिकटवलं. दिवाळी झाल्यावर आत्याचा फोन आला, "कार्ड फार गोड केलंयस गं, पण फुलाभोवती करडं करडं काहीतरी धरलंय. पुसू का?" ती बुरशी होती.

त्यानंतर चार वर्षांत पुष्कळ कार्डं केली आणि पुष्कळ बिघडवली. बिघडलेल्यांची कारणं शोधत गेले की जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी पोचायचे: ओल. कधी ती फुलात राहिलेली असते, कधी हवेत असते, कधी आपणच गोंदातून आणतो. या लेखातल्या बहुतेक सूचना तिच्याच बंदोबस्ताच्या आहेत.

## १. आधी महिना बघा

जून ते सप्टेंबर या काळात कोकणात आणि घाटमाथ्यावर फुलं दाबणं नवख्या माणसाने टाळलेलं बरं. कागद स्वतःच दमट असतो, तो फुलातलं पाणी काय शोषणार? ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. हवा कोरडी असते आणि पावसाने फुललेली झाडंही अजून जोमात असतात. दिवाळीची कार्डं करायची असतील तर घटस्थापनेच्या सुमारास फुलं दाबा, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत जवळपास महिना हाताशी राहतो. दसऱ्याला सुरुवात केलीत तर वीसच दिवस उरतात. पातळ फुलांना ते पुरतील, पण एक घाणा बिघडला तर दुसऱ्याला वेळ नाही. संक्रांतीच्या कार्डांसाठी डिसेंबरचा पहिला आठवडा गाठा.

## २. सामान

बहुतेक वस्तू घरातच सापडतात.

- साधी वर्तमानपत्रं. गुळगुळीत रंगीत पुरवण्या नकोत, त्या पाणी शोषत नाहीत. याच कारणासाठी चकचकीत कागदाची जुनी मासिकंही नकोत.
- टिपकागद किंवा साधे टिश्यू पेपर. टिश्यूवर उठावाची नक्षी नसावी, ती जशीच्या तशी पाकळीवर उमटते.
- वजन. जाड पुस्तकं, पाटा, कागदात गुंडाळलेल्या दोन विटा, काहीही चालेल.
- टोक चपटं असलेला चिमटा. तिकिटं जमवणारे वापरतात तो सगळ्यात चांगला.
- शून्य किंवा एक नंबरचा ब्रश आणि दात कोरायच्या काड्या.
- पांढरा गोंद. मी फेविकॉल एमआर वापरते.
- कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएमचा कागद, स्टीलची पट्टी, कटर आणि शाई संपलेलं बॉलपेन.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा असतो, त्यावरून जाडीचा अंदाज येईल. पुण्यात अप्पा बळवंत चौकात एका फेरीत हे सगळं मिळतं. हातकागद आवडत असेल तर शिवाजीनगरची हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांपासून केलेला तिथला कागद फुलांना फार शोभतो. फक्त पोत फार खडबडीत घेऊ नका, पातळ पाकळी त्यावर सपाट बसत नाही.

पुस्तकांऐवजी कायमचा दाब हवा असेल तर सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायचे आठ बाय दहा इंचाचे दोन तुकडे कापून घ्या. चार कोपऱ्यांना भोकं पाडा, तीन इंची बोल्ट आणि हाताने आवळता येणारे विंग नट लावा. मात्र पहिल्याच महिन्यात हा खर्च करू नका.

## ३. कुठलं फूल घ्यायचं

इथे थोडी सविस्तर लिहिते, कारण नवखे लोक बहुधा इथेच फसतात. आवडतं फूल आणि दाबायला चांगलं फूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पातळ, सपाट, कमी रसाळ फूल हवं.

डोळे मिटून घ्यावीत अशी: कॉसमॉस पहिला. पाऊस सरता सरता रस्त्याकडेला पिवळा-केशरी फुलतो तो. आठवड्यात वाळतो आणि रंग जवळजवळ जसाच्या तसा राहतो. अबोली तर मुळातच सपाट असते. गोकर्णाचा निळा रंग वाळल्यावर थोडा गडद होतो, पण टिकतो. गुलमोहराची आणि ताम्हणाची फुलं अख्खी न दाबता एकेक पाकळी दाबावी. ताम्हण एप्रिल-मेमध्ये फुलतो. त्याच्या चुरगळलेल्या जांभळ्या पाकळ्या दाबल्या की रेशमी चिंधीसारख्या दिसतात.

बोगनवेल तर घ्याच. आपण तिला फूल म्हणतो ती खरं म्हणजे रंगीत पानं असतात, आणि ती आधीच कागदासारखी कोरडी असतात. खरं फूल म्हणजे त्यांच्या मधोमध असलेली बारीक पांढरट नळी. ती आधी काढून टाका, नाहीतर दाबल्यावर तिथे गाठ राहते आणि तीन पानांपैकी एक हमखास फाटतं.

स्वयंपाकघरातली: कुंडीतली कोथिंबीर फुलावर आली की आपण उपटून टाकतो. टाकू नका. तिचा पांढरा तुरा दाबला की बारीक लेससारखा होतो. शेपूचा पिवळा तुराही तसाच. गाजराचा पाला, शेवग्याची पानं, चिंचेची कोवळी डहाळी, दूर्वा हे सगळं मांडणीत इतकं उपयोगी पडतं की मी आता फुलांपेक्षा पाला जास्त जमवते.

टाळावीत अशी: जास्वंद चिकट असते, कागद सोडत नाही. मोगरा, सोनचाफा आणि बहुतेक जाड पांढरी फुलं तपकिरी पडतात. पारिजातकाचंही तेच होतं. केशरी देठ सुरेख राहतो, पाकळ्यांचा रंग जातो. गुलाब, झेंडू आणि शेवंती अख्खी दाबू नका. मधला गड्डा ओला राहतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. पाकळ्या सुट्या करून दाबल्यात तर झेंडू फार छान येतो, कारण पिवळा-केशरी रंग सहसा टिकाऊ असतो. लाल रंग काळवंडतो आणि पोपटी हिरवा मातकट होतो, हे गृहीत धरूनच निवड करा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. रिकाम्या प्लॉटवर बारीक पांढऱ्या फुलांचे मोहक तुरे दिसतात, पुष्पगुच्छात घालतात तसे. ते बहुधा गाजरगवत असतं. त्याने त्वचेला खाज सुटते, पुरळ येतं, दमेकऱ्यांना त्रास होतो. हात लावू नका. कण्हेर विषारी आहे, मुलांबरोबर कार्डं करणार असाल तर ती घरात आणूच नका.

आणि रानफुलांविषयी मनापासून विनंती. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारसा यादीत आलं. तिथे फूल तोडायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तिथलं फूल बी धरलं तरच पुढच्या वर्षी उगवणार. कास असो, एखादा गड असो की गावामागचा सडा (कातळाचं पठार), तिथली फुलं डोळ्यांत साठवा. कार्डासाठी आपली कुंडी, सोसायटीची बाग आणि रस्त्याकडेचा कॉसमॉस भरपूर आहे.

## ४. तोडणं

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, दव वाळल्यावर आणि ऊन चढण्याआधी तोडा. झाडाला पाणी घातल्यावर लगेच तोडू नका. आदल्या दिवशी उमललेलं नको, त्याच दिवशीचं हवं. शिळ्या फुलाचा रंग वाळताना आणखी उतरतो. फुलवाल्याकडची फुलं पाणी मारून ठेवलेली असतात, तेव्हा ती आणलीतच तर पंख्याखाली तासभर पसरून ठेवा.

तोडल्यावर फूल हलकेच झटका. आत बारीक किडे असतात आणि ते दाबाखाली मेले की डाग पडतो. देठ जाड असेल तर ब्लेडने उभा चिरून अर्धाच ठेवा. एकच जाड देठ संपूर्ण थराचा दाब उचलून धरतो आणि शेजारच्या पातळ पाकळ्या मोकळ्या राहून सुरकुततात. म्हणूनच एका थरात एकाच जाडीची फुलं ठेवायची.

## ५. दाबणं

थर खालून वर असा: पुठ्ठा, वर्तमानपत्राचे चार-पाच पदर, टिश्यू, फुलं, टिश्यू, पुन्हा वर्तमानपत्र, पुठ्ठा. फुलं छापील कागदाला थेट लावू नका, शाई पाकळीवर उतरते. फुलं एकमेकांना टेकू देऊ नका. प्रत्येक थराबरोबर फुलाचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा. दोन आठवड्यांनी काहीच आठवत नाही.

वजन ठेवून झालं की काम संपलं असं वाटतं. माझंही तिथेच चुकलं होतं. कागद बदलायचे असतात. पहिले तीन दिवस रोज, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. फक्त बाहेरचं वर्तमानपत्र बदला. फुलाला टेकलेला टिश्यू हलवू नका. पहिल्या दोन दिवसांत पाकळ्या ओल्या रुमालासारख्या असतात, टिश्यू सोडवायला गेलात तर फाटतात. काढलेलं वर्तमानपत्र हाताला गार लागेल. तेवढं पाणी फुलातून बाहेर आलेलं असतं.

पातळ फुलं पाच ते सात दिवसांत होतात, जाड फुलांना दोन-तीन आठवडे लागतात. फूल जितकं लवकर वाळेल तितका रंग चांगला राहतो, म्हणून दाब हवेशीर खोलीत ठेवा, बंद कपाटात नको.

घाई असेल तर इस्त्री चालते. वाफ बंद, आच सगळ्यात कमी, फूल दोन टिश्यूंमध्ये. दहा-पंधरा सेकंद टेकवा, उचला, गार होऊ द्या, पुन्हा टेकवा. इस्त्री फिरवायची नाही, पाकळी सरकून दुमडते. मायक्रोवेव्हमध्येही करतात, दोन साध्या टाइल्सच्या मध्ये ठेवून वीस-वीस सेकंद. पण मी त्यात गोकर्णाची दहाएक फुलं करपवली, त्यामुळे नवख्यांना सुचवणार नाही.

वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, नमुने अशाच पद्धतीने वाळवतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम १९०६ सालचं आहे. तिथे शंभर वर्षांपूर्वीचे नमुने अजून कागदावर आहेत. नीट वाळवणं, चांगला कागद आणि उजेडापासून लांब ठेवणं, एवढ्यावर ते टिकले आहेत.

## ६. वाळलं का, ते ओळखणं

फूल चिमट्याने एका टोकाला धरून आडवं उचला. ताठ राहिलं तर झालं, मान टाकली तर अजून ओल आहे. माझी दुसरी खूण गालाची आहे: फूल गालाला लावून बघते, गार लागलं तर परत दाबात.

झालेली फुलं टिश्यूंमध्ये घालून झिपच्या पिशवीत ठेवा. बुटांच्या खोक्यात निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाका. पिशवी अंधारात हवी. कसर लागू नये म्हणून मी डब्यात वेखंडाची पुरचुंडी ठेवते, आजी पैठण्यांत ठेवायची तशी.

### पिंपळाचं जाळीदार पान

लहानपणी वहीत पिंपळपान ठेवून जाळी होण्याची वाट सगळ्यांनीच पाहिली असेल. वहीत ते वर्षानुवर्षं नुसतं वाळत राहतं. जाळी पाण्यात होते. जून, निबर पानं बादलीत बुडवून अंगणात किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवा. वास येतो, घरात नको. चार-पाच दिवसांनी पाणी बदला. तीन-चार आठवड्यांनी हिरवा गर बुळबुळीत होऊन सुटायला लागतो. मग पान ताटलीत पाण्यात ठेवून जुन्या मऊ टूथब्रशने टोकाकडून देठाकडे न घासता नुसतं थोपटत जा. गर निघून जातो, शिरा राहतात. घाई असेल तर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून अर्धा-पाऊण तास उकळा, पण त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. गडद रंगाच्या कार्डावर एकच जाळीदार पान लावलं तरी दुसऱ्या कशाची गरज पडत नाही.

## ७. कार्ड कापणं आणि घडी

सुरुवात लहान आकाराने करा. ए-फोर कागदाचे दोन समान भाग करा आणि प्रत्येकाची मधोमध घडी घाला, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड मिळतं. जाड कागद नुसता दुमडला की घडीवर तडकतो. पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेनने आधी रेघ दाबून घ्या आणि मगच दुमडा. तरी तडकत असेल तर तुम्ही कागदाच्या धाग्याच्या आडवी घडी घालताय. कागद दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो ती घडीची दिशा.

मजकूर आत्ताच लिहा. फुलं लावल्यावर कार्ड सपाट राहत नाही आणि लिहिताना हात फुलावर पडतो. हातकागदावर शाई पसरते, म्हणून आधी तुकड्यावर लिहून पाहा.

## ८. मांडणी

गोंद लांब ठेवा. आधी पानं, मग फुलं, शेवटी बारीक तुरे असं नुसतं मांडत जा. देठ जमिनीतून वर येतात तसे खालून वर जाऊ द्या. निम्मं कार्ड मोकळं राहिलं तरी चालतं. सुरुवातीला मी प्रत्येक कोपरा भरायचे आणि फूल दिसायचंच नाही. मांडणी पटली की मोबाईलने फोटो काढा, मग सगळं उचलून ठेवा आणि फोटो बघून एकेक चिकटवा. पंखा बंद करायला विसरू नका.

## ९. चिकटवणं

वाळलेल्या फुलात ओल परत शिरते ती इथेच. गोंद जास्त झाला की पातळ पाकळी पारदर्शक होते, तिचा रंग कागदावर उतरतो आणि कार्डही पोक काढतं. गोंदाचा थेंब बशीत घ्या, पाणी घालू नका. फूल उलटं ठेवून काडीच्या टोकाने मधोमध एक ठिपका आणि मोठ्या पाकळ्यांच्या बुडाशी एकेक बारीक ठिपका, बस. कडा मोकळ्याच राहू द्या. फूल चिमट्याने उचलून जागेवर ठेवा, वर टिश्यू ठेवून बोटाने दाबा. बाहेर आलेला गोंद ओल्या बोटाने पुसायचा मोह होईल. तो वाळल्यावर दिसत नाही, तसाच राहू द्या. तुऱ्यांना आणि दूर्वांना ब्रशने गोंदाची अगदी पातळ रेघ लावा.

सगळं लावून झालं की टिश्यू ठेवून कार्ड पुस्तकाखाली रात्रभर ठेवा.

## १०. वरून झाकायचं का?

हातोहात द्यायचं कार्ड मी उघडंच ठेवते. पाकळीचा पोत बोटाला लागतो, तो प्लास्टिकखाली हरवतो. पोस्टाने जाणाऱ्या किंवा लहान मुलांच्या हाती पडणाऱ्या कार्डावर पुस्तकांना लावतात तसं चिकट पारदर्शक प्लास्टिक लावा. एका कडेने सुरुवात करून कोरड्या फडक्याने दाबत दाबत पुढे जा, एकदम टाकलंत तर बुडबुडे राहतात. दुकानातल्या गरम लॅमिनेशनमध्ये जाड फुलाभोवती हवा अडकते आणि काही रंग उष्णतेने बदलतात, म्हणून मी ते टाळते. झाकायचं असेल तर गालाची परीक्षा पुन्हा एकदा घ्या. प्लास्टिकखाली गेलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट नसते. आत्याच्या कार्डाचं तेच झालं होतं.

## ११. पाकीट आणि पोस्ट

१०५ बाय १४८ च्या कार्डाला ११४ बाय १६२ मिलिमीटरचं पाकीट लागतं. पाकिटात घालण्याआधी फुलांवर बटर पेपरचा तुकडा ठेवा आणि मागे पोस्टकार्डाइतका जाड कागद सरकवा.

वजनाचा हिशेब आधीच करा. साध्या पत्राचा दर २० ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढतो. अख्ख्या ए-फोरचं ३०० जीएसएमचं घडीचं कार्ड एकटंच पावणेएकोणीस ग्रॅम भरतं, म्हणजे पाकिटासकट दुसऱ्या टप्प्यात जाणार. अर्ध्या ए-फोरचं २५० जीएसएमचं कार्ड आठ ग्रॅमच्या आत असतं, त्यामुळे पाकीट, बटर पेपर आणि आधाराचा कागद धरूनही पहिल्या टप्प्यात बसतं. वीस-पंचवीस कार्डं पाठवायची असली की हा फरक जाणवतो.

परदेशी पाठवताना त्या देशाचे नियम बघून घ्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये वनस्पतीच्या वस्तूंबाबत फार कडक तपासणी असते. मेलबर्नच्या भाचीला मी खरी फुलं पाठवत नाही. मांडणी स्कॅन करून चांगल्या कागदावर छापते आणि मजकूर हाताने लिहिते.

शेवटची गोष्ट मला पोस्टाच्या खिडकीवर उभं असताना कळली. तिकीट लागतं उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, आणि शिक्का जोरात तिथेच बसतो. तेव्हा मांडणी करतानाच कार्डाचा तो कोपरा मोकळा सोडा, नाजूक फुलं डावीकडे खालच्या बाजूला लावा आणि कार्ड पाकिटात घालताना फुलांची बाजू तिकिटाकडे तोंड करून, सुलट राहील अशी घाला.